आजीनं डायनासोर पाहिला होता का? लहान मुलांना प्राचीन जीवसृष्टी कशी उमगते

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेचार वर्षांचा. पंचवीस-तीस डायनासोर चित्रावरून ओळखतो, कोण मांस खातो आणि कोण पाला हे धडाधड सांगतो. आणि तोच मुलगा आजीला विचारतो, "तू लहान होतीस तेव्हा टी-रेक्स तुमच्या गावात यायचा का?" मग त्याला नेमकं समजलंय काय, आणि पुढे कसं न्यायचं?

समजलंय, पण सगळं एकाच वेळी समजत नसतं. नावं, प्रकार, मरण, काळ आणि पुरावा हे पाच वेगवेगळे धागे आहेत आणि ते वेगवेगळ्या वयात हाताला लागतात. नावं अडीच-तीन वर्षांपासून येतात. प्रकार, म्हणजे मांसाहारी-शाकाहारी, चार पायांचा-दोन पायांचा, हे तीन ते चारमध्ये जमतं. मेलेलं परत येत नाही हे पक्कं व्हायला बहुतेकांना पाच ते सात वर्षं लागतात. काळाचा नुसता क्रम सहाच्या आसपास लागतो, आणि 'कोटी वर्षं' या आकड्याला अर्थ यायला आठ-नऊ वर्षं उजाडतात. मुलगा 'पॅकिसेफॅलोसॉरस' न अडखळता म्हणतो म्हणून बाकीचे धागेही तयार असतील असं मोठ्यांना वाटतं. गोंधळ होतो तो इथेच.

नावं पाठ करणं वाया जात नाही, एवढं आधी सांगतो. मिशेलिन ची आणि रँडी कोएस्के या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली अशाच एका साडेचार वर्षांच्या मुलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याला चांगले माहीत असलेले २० डायनासोर आणि कमी माहीत असलेले २० असे दोन गट त्यांनी केले. चांगल्या माहितीतले २० त्याच्या डोक्यात एकमेकांना जोडलेले होते: हा पाला खातो, तोही खातो; याला चिलखत आहे, त्यालाही आहे. दुसऱ्या गटातले सुटे पडलेले होते. वर्षभरानंतरही पहिल्या गटातलेच जास्त लक्षात राहिले. यातून घरी करायची गोष्ट सोपी आहे. नवं नाव आलं की लगेच पुढच्या नावाकडे धावू नका. "याच्यासारखा आणखी कोण?", "याचे दात बघ, हा काय खात असेल?", "याला टी-रेक्सनं पकडलं तर हा काय करेल?" असे दोन-तीन प्रश्न विचारा. दहा जोडलेली नावं पन्नास सुट्या नावांपेक्षा कामाची.

आता आजीचा प्रश्न. मुलाच्या दृष्टीनं 'पूर्वी' हा एकच मोठा डबा आहे. बाबांचं बालपण, आजीचं गाव, शिवाजी महाराज आणि डायनासोर सगळे त्याच डब्यात. त्यात आपण डायनासोरची गोष्ट "फार फार वर्षांपूर्वी" अशी सुरू करतो. राजा-राणीच्या गोष्टींचीही हीच सुरुवात असते, म्हणून मूल डायनासोरला राक्षस आणि ड्रॅगनच्या शेजारी नेऊन बसवतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला आकडा सांगून उपयोग नाही. त्याऐवजी एक वाक्य पक्कं करा: "तेव्हा माणूसच नव्हता. आजी नव्हती, आजीची आजी नव्हती, गावं नव्हती, कुणीच माणूस नव्हता." आजीला हाताशी घ्या. आईचा लहानपणीचा फोटो, आजीचा फोटो, पणजीचा असेल तर तोही जमिनीवर ओळीत मांडा. प्रत्येक फोटोपाशी विचारा, "हिनं डायनासोर पाहिला?" उत्तर दर वेळी 'नाही'. फोटो संपले की आणखी पुढे चालत जा आणि तिथेही 'नाही'च म्हणा. हे आठवडाभरानं पुन्हा करावं लागतं. एकदा सांगून हे बसत नाही.

सहा वर्षांपुढे दोरी घ्या. यासाठी २५ मीटर सुतळी किंवा कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी, आठ-दहा चिमटे आणि चित्रांचे तुकडे लागतात. मोजमाप: १ मीटर म्हणजे १ कोटी वर्षं. एका टोकाला गाठ मारा, ती 'आज'. गाठीपासून ६.६ मीटरवर पहिला चिमटा: इथे शेवटचे मोठे डायनासोर संपले. टी-रेक्स, गुजरातेतला राजासॉरस आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा इसिसॉरस हे त्याच्या जरा पलीकडे. १५ मीटरवर पाठीवर पाट्या असलेला स्टेगोसॉरस. १८ मीटरच्या आसपास भारतातच सापडलेला लांब मानेचा बारापासॉरस. २३ मीटरवर अगदी सुरुवातीचे डायनासोर. आता 'आज'च्या गाठीपासून ३ सेंटिमीटरवर स्केचपेननं रेघ मारा: आपल्यासारखी माणसं आली ती इथे, साधारण ३ लाख वर्षांपूर्वी. चिमटा लावायलाही तिथे जागा पुरत नाही आणि मुलं तिथेच थबकतात. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ सालचा. या दोरीवर तो गाठीपासून एका केसाच्या जाडीच्याही आत येतो. मग मुलाला गाठीपासून ६.६ मीटर चालत जायला सांगा. हे चालणंच महत्त्वाचं, त्या वेळी फार बोलू नका. परत येताना "टी-रेक्स स्टेगोसॉरसच्या जवळ आहे की आपल्या?" असं विचारा. दोघं एकाच खेळण्याच्या डब्यातून आलेले असले, तरी टी-रेक्स आपल्याला जास्त जवळचा आहे, आणि दोरीवर हे मुलाला स्वतःलाच दिसतं.

दोरी फसते ती बहुधा तीन कारणांनी. एक, ती घरात वळवून-वळवून लावली जाते, मग अंतर पायांना जाणवत नाही. सोसायटीचं पार्किंग, गच्ची किंवा शाळेचा व्हरांडा बघा. दोन, उत्साहाच्या भरात पृथ्वीचा जन्मही लावायचा असतो. या मापानं तो सुमारे ४५४ मीटरवर जातो, तेव्हा त्याचं काम आठ वर्षांनंतर, मैदानावर. तीन, दोरीऐवजी २४ तासांच्या घड्याळाचं चित्र वापरतात. ज्याला अजून घड्याळ वाचता येत नाही त्याला ते अगदीच निरुपयोगी.

मरणाबद्दल बोलताना शब्द सरळ ठेवा. "निघून गेले", "झोपी गेले", "देवाघरी गेले" असं म्हटलं की मूल तर्क लावतं: गेले म्हणजे कुठेतरी असतील, झोपले तर उठतील. "मेले" म्हणा. पण एक प्राणी मरणं आणि त्याची सगळी जात संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी जास्त अवघड आहे. ती अशी सांगता येते: "मोठे मेले, पिल्लंही मेली, अंडी घालायला कुणीच उरलं नाही, म्हणून नवीन जन्मलेच नाहीत." इथे चित्त्याचं उदाहरण फार उपयोगी पडतं. भारतातला चित्ता संपल्याचं १९५२ साली जाहीर झालं, पण आफ्रिकेत चित्ते होते, म्हणून २०२२ साली ते कुनोत आणता आले. मूल लगेच विचारेल, "मग डायनासोर पण आफ्रिकेतून आणू या." हाच प्रश्न यायला हवा असतो. उत्तर: कुठल्याच देशात एकही उरला नव्हता. मॉरिशसच्या डोडोचंही तसंच झालं.

"का मेले?" याला चार-पाच वर्षांच्या मुलासाठी एवढं पुरतं: आकाशातून एक प्रचंड मोठा दगड पडला, धूळ-धूर उडून सूर्याचा उजेड अडला, झाडं मेली, पाला खाणारे उपाशी राहिले, मग त्यांना खाणारेही. थोडं मोठं मूल असेल तर तपशील द्या: सुमारे १० किलोमीटर रुंदीचा दगड, मेक्सिकोजवळ पडला, १८० किलोमीटर व्यासाचा खड्डा झाला. आणि त्याच सुमारास आपल्याकडे जमिनीतून लाव्हा वाहत होता. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे तोच लाव्हा. उल्केचा वाटा किती आणि लाव्ह्याचा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत, हेही मोठ्या मुलांना जरूर सांगा. वाद चालू असतो हे मुलांना कळलं की विज्ञान म्हणजे पाठांतर हा समज बसत नाही.

ही गोष्ट ऐकून काही मुलं घाबरतात, रात्री "दगड आता पडेल का?" विचारतात. "छे, काही नाही होत" एवढ्यावर बोळवण करू नका. दुर्बिणींतून लोक अशा दगडांवर नजर ठेवतात, आणि २०२२ साली डिमॉर्फोस नावाच्या एका छोट्या अवकाशी दगडावर मुद्दाम यान आदळवून त्याची वाट बदलता येते हे करून पाहिलं आहे, असं सांगा. शिवाय कोण वाचलं याची यादी द्या: मगरी, कासवं, साप, बेडूक, उंदराएवढे केसाळ प्राणी, आणि पक्षी. पक्षी हे डायनासोरांच्याच कुळातले, म्हणजे डायनासोरांची एक शाखा अजून आपल्या खिडकीत येते. खिडकीतल्या कावळ्याचा किंवा अंगणातल्या कोंबडीचा पाय जवळून बघा: पुढे तीन बोटं, टोकाला नख्या, वर खवले. त्याच्याशेजारी टी-रेक्सच्या पायाचं चित्र ठेवा. बाकी मुलालाच बोलू द्या.

एक गोष्ट जपून हाताळावी लागते. लहान मुलांना प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी केलेली वाटते. डेबोरा केलेमन यांनी १९९९ साली मुलांना दगड टोकदार का असतात हे विचारलं, तेव्हा प्राण्यांना अंग खाजवता यावं अशा धाटणीचं उत्तर मुलांनी पसंत केलं. त्याच चालीवर "माणसांना जागा व्हावी म्हणून डायनासोर मेले" असं मूल म्हणतं. याला "चूक" म्हणून झटकू नका. "दगडाला माहीत होतं का, माणसं येणार आहेत?" असा उलटा प्रश्न बहुतेक वेळा पुरतो.

आता सगळ्यात मोलाचा धागा. "तेव्हा माणूसच नव्हता" हे पटलं की हुशार मूल विचारतं, "मग कुणी पाहिलं? तुम्हाला कसं कळलं?" या प्रश्नासाठी बाकी सगळं करायचं. घरात एक सवय लावा: डायनासोरबद्दल काहीही सांगितलं की पाठोपाठ "कशावरून?" पुराणातल्या जटायूबद्दल किंवा राक्षसांबद्दलही मूल विचारेल. तेव्हा "ते आपल्याला गोष्टींतून कळतात, डायनासोर हाडांवरून कळतात" एवढं साधं उत्तर द्या. दोन्हींची भेसळ होत नाही आणि कुणाचा अवमानही होत नाही.

याचं उत्तम उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यात आहे. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरांच्या शीचे दगड झालेले गोळे सापडतात. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांत सूक्ष्मदर्शकाखाली गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे बारीक कण शोधले आणि २००५ साली ते प्रसिद्ध केले. त्याआधी डायनासोरांच्या काळात असं गवत नव्हतंच असं मानलं जाई. म्हणजे कुणी खाताना पाहिलं नाही, पण काय खाल्लं ते कळलं. मुलांना शीचा विषय मनापासून आवडतो, त्याचा फायदा घ्या. दोन वाट्या ओली शाडू घ्या. तिचे तीन भाग करून एकात चिरलेलं गवत, दुसऱ्यात भाताचं तूस, तिसऱ्यात तुटलेल्या शिंपल्यांचे तुकडे मिसळा. लिंबाएवढे गोळे वळून दोन-तीन दिवस सावलीत वाळवा. मुलानं गोळा फोडायचा, भिंगातून बघायचं आणि हा प्राणी काय खात होता ते सांगायचं. शाडू कडक उन्हात ठेवली तर तडकते आणि आतला माल आधीच दिसतो, मग खेळ संपला.

हाडाचा दगड कसा होतो हे दाखवायला स्पंज चांगला. मऊ स्पंजातून हाताएवढी दोन हाडं कापा. २०० मिलिलिटर कोमट पाण्यात ७० ग्रॅम, म्हणजे सपाट चार मोठे चमचे मीठ ढवळत विरघळवा. एक हाड त्यात दाबून-दाबून पूर्ण भिजवा, दुसरं साध्या पाण्यात. दोन्ही जाळीवर उन्हात तीन-चार दिवस ठेवा. साधं हाड पुन्हा मऊच राहतं, मिठाचं कडक आणि जड होतं, बोटानं छिद्रं चाचपली की खडे लागतात. सांगायचं एवढंच: हाडाच्या बारीक छिद्रांत पाण्यातून आलेली खनिजं बसत गेली. फरक असा की इथे मीठ चार दिवसांत बसलं, तिथे फार फार जास्त काळ लागला आणि वर गाळाचे थर चढत होते. पावसाळ्यात हे करू नका, कोकणात तर मुळीच नको. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, हाड वाळतच नाही आणि मुलाचा प्रयोगावरचा विश्वास उडतो.

प्लास्टर ऑफ पॅरिसचे ठसे सगळेच करतात, म्हणून त्यातल्या खोचाच सांगतो. मापानं दोन भाग पावडर, एक भाग पाणी. पावडर पाण्यात घालायची, पाणी पावडरीत नाही. पाणी जास्त झालं की ठसा ठिसूळ होतो. शिंपल्याला तेलाचं बोट लावलं नाही तर तो चिकटून बसतो. घट्ट होताना प्लास्टर गरम होतं, त्यामुळे मुलाचा हात त्यात बुडवून पंजाचा ठसा कधीही घेऊ नका, भाजतं. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, नळी तुंबेल.

वाळूत डायनासोर खणण्याचे तयार संच मिळतात. त्यांची अडचण ही की अख्खा, रंगीत डायनासोर बाहेर येतो आणि जमिनीत असेच प्राणी ठेवलेले असतात असं मुलाला वाटतं. घरी घमेल्यात पाच-पाच सेंटिमीटरचे तीन थर करा: खाली माती, मध्ये वाळू, वर लाल माती. मातीची किंवा जाड पुठ्ठ्याची हाडं करून ती सुटी पुरा, दोन-तीन मुद्दाम काढून ठेवा आणि एखादं दुसऱ्याच प्राण्याचं घाला. वरच्या थरात बाटलीचं झाकण टाका. सुतळीनं चार चौकोन आखा, चमच्यानं आणि जुन्या ब्रशनं हळूहळू खणायला लावा, आणि काय कुठल्या चौकोनात कुठल्या थरात मिळालं ते कागदावर काढून घ्या. सांगाडा जुळवताना एक हाड बसत नाही, दोन सापडतच नाहीत, आणि खालचा थर आधीचा हे बोलण्यात आपोआप येतं.

थोड्या मोठ्या मुलांसाठी गुजरातेतल्या ढोली डुंगरीचा जीवाश्म या बाबतीत अप्रतिम आहे. १९८७ साली भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांनी तिथल्या डायनासोरच्या घरट्याचं वर्णन प्रसिद्ध केलं: गोल अंडी आणि पिल्लाची हाडं. पुढे २००१ साली जेफ्री विल्सन यांच्या लक्षात आलं की यातले काही मणके सापाचे आहेत. २०१० साली वर्णन प्रसिद्ध झालं: सुमारे साडेतीन मीटरचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून, शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. सापाचं नाव सनाजे इंडिकस. त्याचा फोटो दाखवा आणि काय घडलं असेल ते मुलाला सांगू द्या. मग एकेका वाक्याला "हे दिसतंय की तुला वाटतंय?" विचारा. साप अंड्याभोवती आहे, हे दिसतंय. तो पिल्लू खाणार होता, हे वाटतंय, पण कारणासह वाटतंय. सगळे एकदम गाळाखाली दबले असावेत, हेही तसंच. सहा-सात वर्षांचं मूल हा भेद करू शकतं, सराव मात्र हवा.

रंगाचंही असंच. बहुतेक डायनासोरांचा रंग कळलेला नाही, तेव्हा जांभळा टी-रेक्स रंगवला तर रंगवू दे. पण चीनमधल्या सायनोसॉरोप्टेरिक्सच्या पिसांत रंगाचे सूक्ष्म कण टिकले होते, त्यावरून त्याची शेपटी तांबूस-पांढऱ्या पट्ट्यांची होती असं २०१० साली मांडलं गेलं. त्याचं चित्र मात्र तसंच रंगवा.

खेळण्यांचा डबा फेकून देऊ नका. त्यात हमखास पंखवाला टेरानोडॉन, पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन आणि केसाळ मॅमथ असतो, आणि तिघंही डायनासोर नव्हेत. टेरानोडॉन उडणारा सरपटणारा प्राणी, डायमेट्रोडॉन डायनासोरांच्याही आधीचा, मॅमथ हत्तीचा नातलग. त्यांना दोरीवर आपापल्या जागी ठेवणं हाच खेळ. डायमेट्रोडॉनसाठी दोरी कमी पडेल, तो २८ मीटरच्या आसपास जातो. सगळी खेळणी एकाच उंचीची असतात, त्यावर उपाय खडूचा: इसिसॉरस साधारण १८ मीटर लांब होता, म्हणजे एसटीच्या दीड बसएवढा. पार्किंगमध्ये तेवढी रेघ ओढा आणि त्याच जमिनीवर १६ सेंटिमीटरचं गोल अंडंही काढा. एवढं मोठं जनावर एवढ्याशा अंड्यातून आलं हे मुलं पुन्हा पुन्हा मापून बघतात.

पुण्या-नाशिककडची मुलं टेकडीवर हाडं खणायला निघतात. तिथे मिळणार नाहीत, आणि का नाहीत ते सांगण्यासारखं आहे: तो कातळ लाव्ह्याचा. आपल्याकडची हाडं सापडतात ती विदर्भाच्या पूर्व बाजूला, लाव्ह्याखालच्या गाळाच्या खडकांत. तिकडे गेलात तर बघा, फोटो काढा, उचलून आणू नका. जागेवरून हललेल्या हाडाचा थर आणि शेजार हरवतो, आणि मग "कशावरून?"ला उत्तर उरत नाही.

प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर गुजरातेत बालासिनोरजवळचं रैयोली सोयीचं, तिथे २०१९ पासून संग्रहालयही आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बारापासॉरसचा सांगाडा उभा आहे. जाण्याआधी वेळ विचारून घ्या. कुठेही गेलात तरी एकाच सांगाड्यापाशी अर्धा तास थांबा, सगळं दालन उरकू नका. मुलाला वही-पेन्सिल द्या आणि यातली कुठली हाडं खरी, कुठली बनवलेली, हे शोधायला सांगा. बारापासॉरसची सुमारे ३०० हाडं मिळाली, ती किमान सहा जनावरांची, आणि कवटी मिळालीच नाही. मग डोकं कशावरून केलं, हे तिथल्या माणसाला मुलानंच विचारावं.